कोण आणि कुठवर: डिरेक्टरी सेवा आणि प्रवेशनियंत्रणाचा आढावा

संगणकाच्या नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाबद्दल यंत्रणेला दोन प्रश्न सोडवावे लागतात: हा कोण, आणि याला कुठवर जाऊ द्यायचे. पहिला प्रश्न ओळख पडताळणीचा, दुसरा अधिकाराचा. दोन्हींची उत्तरे ज्या नोंदींवर अवलंबून असतात, त्या एका ठिकाणी सांभाळणारी आणि विचारेल त्या सर्व्हरला पुरवणारी व्यवस्था म्हणजे डिरेक्टरी सेवा. त्या नोंदींच्या आधारे प्रत्येक फाइल, प्रिंटर, डेटाबेस किंवा वायफायपाशी होकार-नकाराचा निर्णय घेणे म्हणजे प्रवेशनियंत्रण.

हे दोन प्रश्न व्यवहारात सहज एकमेकांत मिसळतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की आधारची यंत्रणा एवढेच सांगते की ठसा त्या क्रमांकाच्या माणसाचा आहे किंवा नाही. किती किलो धान्य द्यायचे, हे शिधापत्रिकेच्या नोंदीवरून ठरते. आधारचा होकार म्हणजे धान्याचा हक्क नव्हे. नेटवर्कमध्येही बरोबर पासवर्ड टाकल्याने माणूस कोण हे ठरते, त्याने पगारपत्रक उघडावे की नाही हे ठरत नाही. बऱ्याच सुरक्षा-त्रुटी या दोन पायऱ्यांपैकी एक गाळल्यामुळे निर्माण होतात.

एका यंत्रातील यादीपासून सामायिक डिरेक्टरीपर्यंत

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची सोय एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीने १९६१ मध्ये दाखवली. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने बनवलेल्या या प्रणालीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. सगळे पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६० च्या दशकाच्या मध्यात दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत असताना संपादकाच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि रोजच्या सूचनेच्या जागी पासवर्डांची संपूर्ण यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागली.

युनिक्सने पासवर्डाऐवजी त्याचा उलट न फिरवता येणारा हॅश साठवण्याची पद्धत रूढ केली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात या पद्धतीची चिकित्सा केली. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, इतके आखूड किंवा शब्दकोशातले होते की ते सहज शोधता आले. यावर त्यांनी प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचा यादृच्छिक ‘सॉल्ट’ मिसळण्याचा उपाय दिला. एकाच पासवर्डाचे ४,०९६ वेगवेगळे हॅश संभवत असल्याने आधीच तयार करून ठेवलेली यादी चोराच्या कामी येईना. सॉल्टचे तत्त्व आजही तेच आहे. त्याची लांबी आणि हॅश काढण्याची किंमत मात्र कितीतरी वाढली आहे.

यंत्र एक होते तोवर अशी फाइल पुरली. १९८० च्या दशकात कार्यालयांत वर्कस्टेशन वाढली आणि प्रत्येक यंत्रावर तीच यादी हाताने सांभाळणे अशक्य झाले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेपवाइन या प्रणालीने नावे आणि गट अनेक सर्व्हरवर विभागून, त्यांच्या प्रती ठेवून दाखवल्या; तिच्यावरचा लेख १९८२ चा आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यात यलो पेजेस ही सेवा आणली. ब्रिटिश टेलिकॉमच्या व्यापारचिन्हामुळे तिचे नाव पुढे एनआयएस झाले. तिच्यात एका मुख्य सर्व्हरवरची यादी सगळ्या यंत्रांना मिळे, पण नेटवर्कवरचे कुणीही पासवर्डांचे हॅश मागून घेऊ शकत असे. यादी एकत्र आली, तिचे संरक्षण मागे राहिले.

दूरसंचार जगाला याच काळात वेगळी गरज होती: देशोदेशीच्या टेलिफोन कंपन्या आणि ई-मेल यंत्रणांना एकमेकांचे पत्ते शोधता यावेत. त्यासाठी सीसीआयटीटी आणि आयएसओ या मानक-संस्थांनी १९८८ मध्ये एक्स.५०० हे मानक प्रसिद्ध केले. त्याची मांडणी भक्कम होती, पण त्याचा प्रोटोकॉल ओएसआयच्या जड थरांवर चालत असे आणि साध्या पीसीला तो पेलवत नसे. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी एक्स.५०० ची रचना ठेवून, थेट टीसीपी-आयपीवर चालणारा हलका प्रोटोकॉल तयार केला. हाच एलडॅप. त्याचे पहिले विनिर्देश १९९३ मध्ये आले, तिसरी आवृत्ती डिसेंबर १९९७ मध्ये, आणि तिचेच सुधारित विनिर्देश जून २००६ पासून लागू आहेत. एक्स.५०० संपूर्ण स्वरूपात फार थोड्या ठिकाणी रुजले. त्याची नावे ठेवण्याची पद्धत मात्र एलडॅपमधून आणि त्याच कुटुंबातील एक्स.५०९ प्रमाणपत्रांमधून, म्हणजे आजच्या प्रत्येक एचटीटीपीएस संकेतस्थळातून, टिकून आहे.

डिरेक्टरीची रचना

डिरेक्टरी हाही एक प्रकारचा डेटाबेसच, पण वेगळ्या वापरासाठी घडवलेला. बँकेच्या व्यवहारांच्या डेटाबेसमध्ये सतत लिहिले जाते. डिरेक्टरीत वाचन प्रचंड आणि लेखन तुरळक असते. माणूस दिवसातून अनेकदा लॉगिन करतो, विभाग मात्र वर्ष-दोन वर्षांनी बदलतो. म्हणून डिरेक्टरीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात, आणि एका प्रतीतला बदल दुसरीकडे पोहोचायला काही क्षण किंवा मिनिटे लागली तरी चालवून घेतात.

प्रत्येक नोंदीला गुणधर्म असतात: नाव, ई-मेल, विभाग, वरिष्ठ कोण, खाते सुरू की बंद. कोणत्या प्रकारच्या नोंदीत कोणते गुणधर्म हवेतच आणि कोणते चालतील, हे स्कीमा ठरवतो. नोंदी झाडासारख्या मांडलेल्या असतात आणि मुळापासून पानापर्यंतचा मार्ग हेच नोंदीचे पूर्ण नाव असते. लेखा विभागातील एखाद्या खात्याचे पूर्ण नाव ‘यूआयडी=आरपाटील, ओयू=लेखा, डीसी=संस्था, डीसी=इन’ अशा धर्तीचे दिसते. उजवीकडून डावीकडे वाचले की संस्था, विभाग, व्यक्ती असा क्रम लागतो.

एलडॅपची कामे मोजकी आहेत. बाइंड म्हणजे आपण कोण हे सांगून जोडणी करणे. मग शोधणे, तुलना करणे, नोंद भरणे, बदलणे, काढणे. ही सेवा सहसा ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. साध्या बाइंडमध्ये पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे जोडणी टीएलएसने कूटबद्ध करणे किंवा ६३६ क्रमांकाचे कूटबद्ध पोर्ट वापरणे आवश्यक ठरते. अनेक सर्व्हर रिकाम्या पासवर्डाचा बाइंड ‘निनावी’ समजून यशस्वी ठरवतात. एखाद्या अ‍ॅप्लिकेशनने तेवढ्यावरच लॉगिन झाले असे मानले, तर पासवर्ड न टाकताच आत जाता येते. आणखी एक जुनी चूक म्हणजे युजरने टाइप केलेला मजकूर न तपासता शोधाच्या वाक्यात घालणे. त्यातून शोधाचा अर्थच बदलता येतो.

पासवर्ड न पाठवता ओळख

प्रत्येक सेवेला पासवर्ड द्यायचा म्हटले तर प्रत्येक सेवा तो चोरू शकते. एमआयटीने १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या अथेना प्रकल्पात हजारो विद्यार्थी कुणाच्याही ताब्यात नसलेल्या यंत्रांवर बसत, त्यामुळे हा धोका रोजचाच होता. त्यातून कर्बेरोस हे ओळख पडताळणीचे तंत्र तयार झाले. त्याचा पाया रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांच्या १९७८ च्या पद्धतीत आहे. आज वापरात असलेली पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये मानक म्हणून आली.

तिची चाल अशी: पासवर्डपासून यंत्रातच एक किल्ली तयार होते आणि तिच्या साहाय्याने किल्ली-वितरण केंद्राला ओळख पटवली जाते. केंद्र एक मूळ तिकीट देते. नंतर फाइल सर्व्हरकडे जायचे असेल तेव्हा हे मूळ तिकीट दाखवून त्या सर्व्हरपुरते वेगळे तिकीट मिळते. ते फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीने बंद केलेले असल्याने तोच ते उघडू शकतो आणि खरेपणा पारखू शकतो. पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही आणि दिवसभर पुन्हा टाकावाही लागत नाही. जुने तिकीट चोरून पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून वेळ तपासली जाते. दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक असेल तर लॉगिन नाकारले जाते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, अशा तक्रारींमागे पुष्कळदा चुकलेले घड्याळ निघते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी

नोव्हेलने १९९३ मध्ये नेटवेअर ४ सोबत आपली डिरेक्टरी सेवा आणून कार्यालयीन नेटवर्कमध्ये झाडाची रचना लोकप्रिय केली. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली. तिने एलडॅप, कर्बेरोस आणि डीएनएस यांना एकत्र गुंफले. पुढची वीस-पंचवीस वर्षे कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालयांत तीच सर्वांत परिचित डिरेक्टरी ठरली. मुक्त स्रोतातील ओपनएलडॅप, ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, फ्रीआयपीए आणि डिसेंबर २०१२ पासून सांबा ४ हे तिला पर्याय किंवा पूरक आहेत.

तिच्यात डोमेन हा मूळ घटक. डोमेनच्या नोंदी डोमेन कंट्रोलरवर असतात आणि कोणत्याही कंट्रोलरवर केलेला बदल बाकीच्यांकडे पोहोचतो. अनेक डोमेन मिळून फॉरेस्ट बनतो, आणि सुरक्षेची खरी सीमा फॉरेस्ट हीच आहे. एका डोमेनवर पूर्ण ताबा मिळवलेला हल्लेखोर त्याच फॉरेस्टमधील इतर डोमेनपर्यंत पोहोचू शकतो. ऑर्गनायझेशनल युनिट हे व्यवस्थापनाच्या सोयीचे कप्पे असतात. ग्रुप पॉलिसीने हजारो यंत्रांना एकदम नियम लावता येतात: पासवर्डाची लांबी, यूएसबी बंद, अपडेट कधी.

युजर लॉगिन करतो तेव्हा त्याची आणि त्याच्या सर्व ग्रुपची ओळख-संख्या असलेले टोकन तयार होते, आणि पुढची प्रत्येक परवानगी त्या टोकनवरून तपासली जाते. म्हणून ग्रुपमधून नाव काढले तरी आधीच लॉगिन झालेल्या माणसाची परवानगी तत्काळ जात नाही. कर्बेरोस तिकीट मूळ व्यवस्थेत दहा तास चालते. खाते बंद करणे आणि प्रवेश प्रत्यक्ष थांबणे यांतला हा काळ सुरक्षेच्या आखणीत धरावाच लागतो.

परवानगीची प्रारूपे

बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये प्रवेशनियंत्रण एका तक्त्यात मांडले: ओळींमध्ये युजर, स्तंभांमध्ये वस्तू, चौकोनात परवानगी. मोठ्या संस्थेत हा तक्ता जवळजवळ रिकामा आणि अवाढव्य असतो. तो वस्तूनुसार, म्हणजे स्तंभाने साठवला की परवानगी-यादी मिळते, जिला एसीएल म्हणतात. युजरनुसार, म्हणजे ओळीने साठवला की प्रत्येकाच्या हातातल्या परवानग्यांचा संच मिळतो. ‘या फाइलपर्यंत कोण पोहोचतो’ हे पहिल्यात लगेच सांगता येते, ‘हा माणूस कुठेकुठे पोहोचतो’ हे दुसऱ्यात. ऑडिटर बहुधा दुसरा प्रश्न विचारतो आणि यंत्रणा बहुधा पहिल्या पद्धतीची असते.

परवानगी कोण ठरवतो यावरून चार प्रमुख प्रारूपे होतात. पहिल्यात वस्तूचा मालक ठरवतो. युनिक्समधील मालक, ग्रुप आणि इतर यांच्यासाठीची वाचन-लेखन-चालवणे ही बिटे किंवा विंडोजच्या फायलींवरची यादी या प्रकारातली. हे लवचीक आहे, पण मालकाने एखादे फोल्डर ‘सर्वांसाठी’ खुले केले की नियंत्रण संपले. विंडोजमध्ये इथे एक बारकावा आहे: वस्तूला परवानगी-यादीच नसेल तर सर्वांना पूर्ण प्रवेश, आणि यादी आहे पण रिकामी असेल तर कुणालाच नाही.

दुसऱ्यात मालकाला सूट नसते. नियम यंत्रणा लादते. अमेरिकी लष्करी गरजेतून १९७३ मध्ये आलेले बेल-लापाडुला प्रारूप गोपनीयतेसाठी आहे: वरच्या दर्जाचे वाचायचे नाही, खालच्या दर्जात लिहायचे नाही. बिबा प्रारूप माहितीचा खरेपणा राखण्यासाठी हेच नियम उलटे लावते. लिनक्समधील एसईलिनक्स हे अशा सक्तीच्या नियंत्रणाचे आजचे उदाहरण आहे. ते अमेरिकेच्या एनएसएने २००० मध्ये खुले केले.

तिसऱ्यात परवानगी माणसाला नव्हे, भूमिकेला मिळते. डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी हे प्रारूप १९९२ मध्ये औपचारिकपणे मांडले, आणि २००४ मध्ये ते अमेरिकी राष्ट्रीय मानक झाले. रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, औषधभांडार आणि बिलिंग या भूमिकांना परवानग्या ठरवून दिल्या की नव्या परिचारिकेला फक्त भूमिका द्यायची असते. बदली झाली की भूमिका काढली, काम झाले. अडचण पुढे येते. अपवाद वाढतात आणि प्रत्येक अपवादासाठी नवी भूमिका निघते. अखेरीस माणसांपेक्षा भूमिका जास्त होतात.

चौथ्यात निर्णय गुणधर्मांवर होतो: माणसाचा विभाग, कागदाचा दर्जा, यंत्र कंपनीचे आहे का, वेळ काय, जागा कोणती. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०१४ मध्ये याची मार्गदर्शिका काढली. हे बारीक नियंत्रण देते. परंतु गुणधर्मच जुने किंवा चुकीचे असतील तर निर्णयही चुकतो, म्हणजे भार पुन्हा डिरेक्टरीतल्या नोंदींच्या शुद्धतेवर येतो. व्यवहारात बहुतेक संस्था भूमिकांचा सांगाडा ठेवून त्यावर मोजक्या गुणधर्मांच्या अटी घालतात.

प्रारूप कोणतेही असो, जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये सांगितलेली तत्त्वे सगळ्यांना लागू पडतात. कामापुरतीच परवानगी द्यावी. स्पष्ट होकार नसेल तर नकार समजावा. प्रत्येक वेळी तपासावे. जोखमीच्या कामाला दोन जणांची संमती असावी.

नेटवर्कच्या उंबरठ्यावर

फाइलपर्यंत पोहोचण्याआधी माणूस वायफाय, स्विच किंवा व्हीपीएनपाशी येतो. तिथे ओळख, अधिकार आणि वापराची नोंद ही तिन्ही कामे एकत्र करणारा सर्वांत रुळलेला प्रोटोकॉल म्हणजे रेडियस. लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेसने १९९१ मध्ये डायल-अप जोडण्यांसाठी तो बनवला. वायफायचे उपकरण युजरची माहिती रेडियस सर्व्हरकडे पाठवते, सर्व्हर डिरेक्टरीला विचारतो आणि होकार, नकार किंवा आणखी पुराव्याची मागणी परत येते. होकारासोबत कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या कप्प्यात, टाकायचे हेही सांगता येते. त्यामुळे पाहुणा आणि कर्मचारी एकाच वायफायवरून वेगळ्या नेटवर्कमध्ये जातात. २००१ च्या ८०२.१एक्स मानकाने ही तपासणी स्विचच्या पोर्टवर आणली.

याच पद्धतीच्या साखळीवर विद्यापीठांचे एज्युरोम उभे आहे. घरच्या विद्यापीठाच्या युजरनेमने परदेशातील विद्यापीठाचे वायफाय मिळते, कारण पडताळणीची विनंती मूळ संस्थेकडे जाते. भारतात ही सेवा एरनेट इंडिया चालवते. रेडियसचे वय मात्र दिसू लागले आहे. तो एमडी५ या जुन्या पद्धतीवर विसंबतो, आणि जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी ‘ब्लास्ट-रेडियस’ या नावाने नकाराचा होकार करता येतो हे दाखवून दिले. टीएलएसच्या आतून रेडियस चालवणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

संस्थेच्या बाहेरची ओळख

ई-मेल, हजेरी, हिशेब या सेवा क्लाउडवर गेल्या तेव्हा संस्थेची डिरेक्टरी बाहेरच्या सेवांना उघडी करणे शक्य नव्हते. यावर उत्तर आले ते विधानाच्या स्वरूपात: संस्था ओळख तपासते आणि बाहेरच्या सेवेला सहीनिशी सांगते की हा अमुक माणूस, अमुक विभागाचा. २००५ चे सॅमल २.० हे काम एक्सएमएलमध्ये करते. २०१२ चे ओऑथ २.० मुळात वेगळ्या गरजेसाठी आहे. एका अ‍ॅपला दुसऱ्या सेवेतील माहितीपुरती मर्यादित परवानगी देणे, पासवर्ड न देता. केवळ ओऑथवर लॉगिन उभारणे धोक्याचे असल्याने २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्टने त्यावर ओळखीचा थर चढवला. खाती उघडणे आणि बंद करणे स्वयंचलित व्हावे म्हणून २०१५ मध्ये स्किम हे मानक आले. ते नसेल तर कर्मचारी गेल्यावर त्याचे लॉगिन थांबते, पण बाहेरच्या सेवेतले खाते आणि त्याला दिलेल्या किल्ल्या तशाच राहतात.

केंद्रीकरणाची किंमत

सगळ्यांची ओळख एका ठिकाणी आली की हल्लेखोराचे लक्ष्यही एकच उरते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे काही तासांत पुसून टाकले. मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यात कोलमडले. मर्स्कचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, पण ते सगळे एकाच वेळी नष्ट होतील असे धरलेच नव्हते. घानातील एक कंट्रोलर वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी नेटवर्कबाहेर होता, म्हणून वाचला. त्याच्यावरून डिरेक्टरी पुन्हा उभी राहिली. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभारावे लागले. प्रती ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, हा यातला धडा. डिरेक्टरीची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली हवी आणि ती परत उभी करण्याचा सराव हवा.

बाकीचे हल्ले बहुधा अधिक शांतपणे होतात. बेंजामिन डेल्पी यांच्या २०११ च्या मिमिकॅट्झ या साधनाने विंडोजच्या मेमरीतून पासवर्ड आणि हॅश काढता येतात हे जगाला दाखवले. डोमेन अ‍ॅडमिनने एखाद्या साध्या पीसीवर लॉगिन केले असेल, तर त्या पीसीवरून संपूर्ण डोमेन हाती येऊ शकते. २०१४ मध्ये चर्चेत आलेल्या कर्बेरोस्टिंगमध्ये कोणताही साधा युजर सेवेचे तिकीट मागून घेतो आणि त्यातला सेवा-खात्याचा पासवर्ड आपल्या यंत्रावर सवडीने शोधतो. वर्षानुवर्षे न बदललेले, माणसाने ठरवलेले पासवर्ड इथे बळी पडतात. यंत्रणेनेच सांभाळलेली, दर ३० दिवसांनी लांबलचक पासवर्ड बदलणारी सेवा-खाती हा त्यावरचा उपाय. गोल्डन तिकिटाच्या हल्ल्यात तिकिटांवर शिक्का मारणारी मूळ किल्लीच चोरली जाते आणि मग हव्या त्या नावाचे तिकीट बनते. ती किल्ली बदलायची तर लागोपाठ दोनदा बदलावी लागते, कारण यंत्रणा आधीची किल्लीही ग्राह्य धरते. ऑगस्ट २०२० मध्ये दुरुस्त झालेल्या झीरोलॉगॉनमध्ये कूटपद्धतीच्या चुकीमुळे सरासरी २५६ प्रयत्नांत कोणताही पासवर्ड नसताना डोमेन कंट्रोलरवर ताबा मिळत असे.

या सर्वांवरचा बचाव बराचसा शिस्तीचा आहे. डोमेन अ‍ॅडमिनची खाती मोजकी ठेवावीत. ती फक्त वेगळ्या, सुरक्षित यंत्रांवरूनच वापरावीत, आणि त्याच माणसाला ई-मेलसाठी साधे खाते द्यावे. प्रत्येक पीसीच्या स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा असावा. मोठे अधिकार कायमचे न देता कामापुरते, वेळ ठरवून द्यावेत.

खात्याचे आयुष्य

तांत्रिक हल्ल्यांइतकाच धोका बेवारस खात्यांचाही असू शकतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइनमध्ये हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली.

खात्याला तीन वळणे येतात: माणूस रुजू होतो, बदलतो, जातो. रुजू होताना परवानगी मिळतेच, कारण ती नसेल तर काम अडते आणि तक्रार येते. बदली होताना नवी मिळते, पण जुनी राहते. खरेदी विभागातून लेखा विभागात आलेला कर्मचारी ऑर्डरही देऊ शकतो आणि तिचे पैसेही मंजूर करू शकतो. जाताना तर कुणाचेच काम अडत नाही, म्हणून कुणी पाहतही नाही. यावर उपाय म्हणजे मनुष्यबळ विभागाची नोंद हाच खात्याचा उगम मानणे, आणि ठराविक काळाने प्रत्येक विभागप्रमुखाकडून आपल्या माणसांच्या परवानग्यांची उजळणी करून घेणे. सेवा-खाती आणि कंत्राटदारांची खाती या उजळणीतून हमखास सुटतात. त्यांना जबाबदार माणूस आणि संपण्याची तारीख आधीच नेमलेली असावी.

कामांची विभागणी कागदावर असून भागत नाही, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्याने दाखवले. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधील संदेश-यंत्रणेवरून परदेशात जात राहिले, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य प्रणालीत होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. सुरुवातीला जाहीर झालेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये होती. एका यंत्रणेतले नियंत्रण दुसरीत तपासले जात नसेल, तर दोन सह्यांचा नियमही निरुपयोगी ठरतो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना दोन्ही यंत्रणा मुदतीत जोडण्याचा आदेश दिला.

पासवर्डनंतरचा काळ

एनआयएसटीने २०१७ मध्ये आपल्या मार्गदर्शनात मोठा बदल केला: दर काही महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांबीला महत्त्व द्यावे, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहावा. सक्तीच्या बदलाने माणसे अखेरचा आकडा तेवढा वाढवतात, हे त्यामागचे कारण. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीत एसएमएसचा ओटीपी सर्वांत कमजोर. सिमकार्डची फसवणूक करून किंवा बनावट संकेतस्थळावर टाइप करायला लावून तो चोरता येतो. २०१९ मध्ये वेबचे मानक झालेल्या वेबऑथनमध्ये, म्हणजे पासकीच्या पद्धतीत, किल्ली संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते आणि बनावट स्थळावर ती चालतच नाही.

आतले जाळे विश्वासू आणि बाहेरचे संशयास्पद, ही जुनी विभागणीही मागे पडत आहे. जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये झिरो ट्रस्टची कल्पना मांडली. गूगलने स्वतःवर झालेल्या २००९ च्या हल्ल्यानंतर कार्यालयीन नेटवर्कला विशेष विश्वास देणे थांबवले आणि २०१४ पासून आपली बियाँडकॉर्प पद्धत जाहीर केली. एनआयएसटीचा यावरचा दस्तऐवज ऑगस्ट २०२० चा आहे. प्रत्येक विनंतीवेळी माणूस, यंत्र आणि परिस्थिती तपासायची, हे त्याचे सार. साल्टझर आणि श्रोडर यांच्या तत्त्वांत ते आधीच आले होते. ते प्रत्यक्षात आणण्याइतक्या वेगवान आणि सतत उपलब्ध डिरेक्टरी सेवा मात्र नंतर तयार झाल्या.

भारतातील बंधने

भारतात प्रवेशनियंत्रण ही आता केवळ चांगली सवय राहिलेली नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानविषयक निर्देशांत किमान परवानगी आणि विशेषाधिकारी खात्यांसाठी एकाहून अधिक पुराव्यांची पडताळणी अपेक्षित आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशनियंत्रण व वापराच्या नोंदी यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

लहान पतसंस्था, शाळा किंवा नगरपालिकेला यातली महागडी साधने परवडतीलच असे नाही, पण क्रम सगळ्यांना सारखाच आहे. प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते असावे, सामायिक पासवर्ड नसावा. अ‍ॅडमिनच्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आधी लावावी. परवानगी ग्रुपला द्यावी, व्यक्तीला नाही. डिरेक्टरीचा एक बॅकअप नेटवर्कबाहेर ठेवून तो परत उभा करून पाहावा. निरोप समारंभाच्या दिवशीच खाते बंद व्हावे. एखाद्या संस्थेचे प्रवेशनियंत्रण जोखायचे असेल, तर गेल्या वर्षी नोकरी सोडलेल्या सर्वांची यादी मागवावी आणि त्यांतली किती खाती आजही उघडतात ते तपासावे. हा आकडा शून्य नसेल, तर बाकीच्या सुरक्षेवर खर्च करण्याआधी तो शून्यावर आणावा.